चार किलो कमी

३ मार्च, सोमवार

किलोच्या भावानं विकलं म्हणे! ‘मायानं माझ्या नवऱ्याले किलोच्या भावानं विकलं,’ असं तू विहाराच्या पायरीवर उभी राहून सांगितलं ना वं बाई? वीस बायांसमोर? अन् मी तिथं नव्हती तेव्हा सांगितलं. समोर असती तर म्हणाची हिंमत झाली असती का तुझी? जयभीम मागून घालते, आधी हे ऐकून घे.

मोठी बहीण आहे म्हणून काहीही बोलशील का? बोलली अन् दुसऱ्या दिवशी घराले कुलूप लावून पोराकडे बुटीबोरीले निघून गेली. माझ्या दारावरून ऑटो गेला तुझा, मी झाडू घेऊन अंगणातच होती, तू मान वळवली नाही. फोन लावला का कापते. मोबाईलमध्ये बोलून पाठवलं तर न ऐकताच मिटवून टाकते, असं तुझी सून पिंकी म्हणते. म्हणून आता कागद घेतला. चौथीपर्यंत शिकलेली बाई कागद घेऊन बसते म्हणजे किती जळून राहिली असन ते समज. अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी आहे, तुले माहीतच आहे. अंकुश तिकडेच कंपनीत कामाले जाते, त्याच्या हातानं पाठवून राहिली. भाऊजीच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला आहे तो, तुझाही नाही अन् माझाही नाही, तो फाडणार नाही. तुले फाडाचं असन तर वाचून फाड.

तू सगळ्यायले सांगते का मायाले क्लबचं याड लागलं. हो, लागलं. मेसमध्ये दिवसाले चारशे पोळ्या लाटते मी, माझ्या हाताले कोणी विचारत नाही दुखते का. श्रीधर सर, ते मेडिकल स्टोअरवाले, सेवा क्लबचे अध्यक्ष, ते मेसमध्ये आले अन् म्हणाले, ‘वस्तीसाठी फ्रीजर पेटी घ्याची आहे, मयत ठेवाची. रद्दी गोळा करून पैसा उभा करू. कोण कोण येते?’ बाया एकमेकीच्या तोंडाकडे पाहत बसल्या. मयतीचं नाव काढलं का सगळ्यायले घरी काम आठवते. मी पीठाचा हात वर केला. काहून केला? तू विचारते काहून?

भाऊजी गेले तो मे महिना मी नाही विसरली. छेचाळीस डिग्री. धम्मदीप तेव्हा सुरतले होता, गाडीत बसला होता, फोनवर रडत होता, ‘आई, बाबाले ठेवजा, मी येऊन राहिलो.’ आपण बर्फाच्या लाद्या आणल्या, वर भुसा टाकला, ओली पोती टाकली, कूलर लावला. चार तासांत सगळं पाणी होऊन अंगणातून नालीत गेलं. म्हाताऱ्या माणसायनं सांगितलं, आता नाही ठेवता येत. पोरगा आला तेव्हा घाटावर राख गरम होती. तू त्या दिवशी रडलीही नाही. फक्त म्हटलं, ‘पेटी असती तर.’ मंग तेव्हापासून तेच. भाजी निवडताना, नळावर, लोकाच्या लग्नात जेवताना, पेटी असती तर, पेटी असती तर. माझे कान पिकले ऐकून. म्हणून केला हात वर.

महिनाभर गल्ल्या फिरली मी. पिवळं जाकीट घालून, बोरा घेऊन. क्लबचं काम असं का प्रत्येक बाईले दोन गल्ल्या दिल्या होत्या, घरोघरी रद्दी मागाची, सोळा फेब्रुवारीले शाळेच्या मैदानात काट्यावर आणाची. लोकं कुत्रे सोडतात अंगावर. एकीनं मले लग्नाचा अल्बम दिला, म्हणे, ‘हाही ने वं मावशी, माणूस तसाही रद्दीच निघाला.’ हसू नको. मी तो तिले वापस केला. म्हणजे मले अक्कल आहे ते समज.

आता तुझ्या घरचं. पिंकीचं बाळंतपण म्हणून तू तेव्हा बुटीबोरीले होती. नळ एक दिवसाआड येते म्हणून चाबी मले देऊन गेली होती. पिंकीनं फोनवर सांगितलं, मावशी, रद्दी घेऊन जाजा. मी नेली. संदुकीत वर काय अन् खाली काय ते मी पाहत बसली का? गाण्याच्या असो का हिशोबाच्या, वह्या सगळ्या सारख्याच दिसतात. ज्याले जपाचं असते तो कुलूप लावते.

चोर म्हणाचं असन तर तोंडावर म्हण. पायरीवर नको.

माया


१९ मार्च, बुधवार

बाई,

अंकुश म्हणते तू पत्र घेतलं अन् पीठाच्या डब्याखाली ठेवलं. वाचलं का नाही ते त्याले समजलं नाही. पण वाचलं असन, कारण पिंकीचा फोन आला. बाळंतीण पोरगी, पण धुऊन काढलं तिनं मले. ‘मावशी, मी माळ्यावरचे पेपर म्हटले होते. संदूक कुठं म्हटली मी? मले कायले मधात ओढता?’ मागून लेकरू रडत होतं. तिचं नाव घ्याले नको होतं. ते मी वापस घेते. तिनं माळ्यावरचे पेपर सांगितले होते, मी खाटेखालची संदूकही उघडली. गडबडीत झालं. घे, लिहून दिलं.

तुले वाटत असन मी वह्या दिल्या अन् आरामात झोपली. तर ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रद्दीच्या गोदामात गेली, जरीपटक्याच्या मागं आहे ते. ओमप्रकाश नावाचा माणूस आहे तिथं, दात घासत होता. म्हणे, ‘क्लब का माल? वो तो पाँच बजे निकल गया दीदी, कळमेश्वर.’ मंगळवारी मेसमध्ये खाडा केला अन् बस पकडून कळमेश्वरले गेली. एमआयडीसीत कागदाचा कारखाना. चौकीदार आत सोडे ना. मी गेटवर बसली उन्हात, म्हटलं, उठवून दाखव. शेवटी एक सुपरवायझर आला, भला माणूस होता, बापाचं कागदपत्र हरवलं का म्हणाला. मी हो म्हटलं. काय सांगणार, गाणे हरवले म्हणून?

आत मोठा गोल हौद आहे बाई. विहिरीएवढा. खाली पातं फिरते, वरून पाणी पडते अन् बोरेच्या बोरे त्यात उलटे करतात. मी वाकून पाहिलं. पेज असते ना, तसं. राखेच्या रंगाची गरम पेज. मी त्याले विचारलं, अन् शाई? शाई कुठं जाते? तो म्हणे, ‘स्याही झाग में ऊपर आ जाती है, उसको निकाल के फेंक देते.’ एका बाजूनं काळा फेस वाहून जात होता. मी त्या फेसाकडे पाहत उभी राहिली. चौदा वह्या बाई. मिलमध्ये पाळी करून आले का भाऊजी चपला न काढता लिहीत बसत होते ना, त्या चौदा.

तेव्हापासून एक याडपणा लागला आहे. बाजारात फुटाणेवाल्याच्या पुड्या उलगडून पाहते. माहीत आहे सगळं कळमेश्वरले गेलं, तरी पाहते. तो म्हणते, ‘काकू, खाता का वाचता?’

अजून एक. तुले कोणी सांगितलं नसन, सांगाची हिंमत नाही कोणात. पेटी आली. विहाराच्या बाजूच्या खोलीत ठेवली आहे. अन् तिच्यावर भाऊजीचं नाव आहे. क्लबचा नियमच होता, जी बाई क्विंटलभर रद्दी आणन तिनं सांगितलेलं एक नाव पेटीवर टाकाचं. मी एकटीनंच क्विंटल भरला. पेंटरनं निळ्या अक्षरात लिहिलं, ‘कालकथित रविंद्र गणवीर यांच्या स्मरणार्थ’. मी त्याले सांगितलं होतं, कैलासवासी नको लिहू बापा, आपल्यात कालकथित लिहितात. सुबक लिहिलं आहे. तुले न सांगता दाखवाची होती. जयंतीले तुझ्या हातानं फीत कापाची, असं सरांसोबत बोलून ठेवलं होतं मी.

फीत राहिली. त्याच्याआधीच काम पडलं. कोपऱ्यावरची रुखमाबाई गेली, चक्कीवाली. लेक पुण्यावरून निघाली, गाडी मधातच बंद पडली, दीड दिवस लागला. पेटीनं ठेवलं रुखमाबाईले. पोरगी आली तशी काचेवर गाल ठेवून बसली. आईचा चेहरा जसाच्या तसा होता, टिकली सुद्धा. निघताना ती पोरगी माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले. भाऊजीच्या नावाकडे पाहवलं नाही मले.

तू काही तरी लिही. शिव्या लिही.

माया


३० मार्च, रविवार

बाई,

आज पाडवा, लोकायच्या घरी पुरणपोळी, मेसले सुट्टी. सकाळपासून अंकुशच्या घरी बसून होती. दोनशे पानी नवीन वही घेतली आहे. त्यानं ढोलकी काढली, मी डोळे मिटून म्हणत गेली, जे आलं ते लिहिलं. भाऊजीच्या मागं वीस वर्षं कोरस धरला मी, पुढचं त्याइनं म्हणाचं अन् आम्ही झेलाचं. आता समजते का झेलणाऱ्याले अर्धंच येते. धुरपद सगळ्यायचं आठवते, कडवे आठवत नाही. दोनशेच्या वर गाणे होते असं अंकुश म्हणते. नऊ निघाले. त्यातले चार पुरे. बाकी लंगडे.

अन् तुझ्यावर राग येते. हो, मलेच येते तुझ्यावर. तीन वर्षं त्या वह्या पांढऱ्या फडक्यात बांधून तू खाटेखाली ठेवल्या. कोणाले हात लावू दिला नाही. मागच्या जयंतीले अंकुश अन् मी मागाले आलो, झेरॉक्स काढून दोन तासांत वापस देतो म्हटलं. तू दारात उभी राहून काय म्हणाली? ‘चौथी शिकलेली तू, वही घेऊन काय पूजा करशील?’ अंकुश खाली पाहत होता. झेरॉक्स काढू दिली असती तर आज हे पत्र लिहाचं काम नव्हतं. तू बंद ठेवल्या अन् मी घालवल्या. भाऊजी असते तर दोघींच्याही पाठीत लाटणं घातलं असतं.

आवाज बसला आहे माझा. अंकुश म्हणे गरम पाणी पी. पिऊन राहिली. त्यानं काही होत नाही. ते जाऊ दे.

‘भोंगा’ अडलं आहे. सगळ्यात मोठं गाणं ते. 

मिलच्या भोंग्यानं उठवलं मला,
बाबाच्या शब्दानं उभं केलं मला.

दोन कडवे आहे आमच्याजवळ. तिसरं नाही. तिसरं त्याइनं शेवटी शेवटी लिहिलं, खाटेवर पडल्या पडल्या. पार्टीत कधी म्हटलंच नाही. तुलेच माहीत आहे.

माया


९ एप्रिल, बुधवार

बाई,

‘पेटीवरचं नाव पुसून टाक.’ सव्वा महिन्यात तुझा पहिला शब्द, तोही अंकुशच्या तोंडून. बिचारा सांगताना टोपी हातात घेऊन उभा होता, जसं काही त्याचीच चूक.

पुसलं.

सोमवारी मेसमधून आली, हार्डवेअरमधून थिनर घेतलं, जुनं लुगडं फाडलं अन् बसली पेटीपुढं. निघत नाही सहजासहजी. पेंटरनं दोन हात दिले होते. आधी ‘स्मरणार्थ’ गेलं, मंग आडनाव. रविंद्र शेवटी गेलं, बोटं झोंबली. निळं पाणी ओघळलं खाली, मले कळमेश्वरचा फेसच दिसला. तेवढ्यात श्रीधर सर आले, कोणी तरी चुगली केली असन. म्हणे, ‘अहो माया मॅडम, हे काय करून राहिल्या? नियमानं मिळालं आहे ते नाव.’ मी म्हटलं, नियमानं नाही मिळालं सर. त्याइनं विचारलं, म्हणजे? मी म्हटलं, आधी माझ्या बहिणीले सांगू द्या, मंग तुमाले सांगते.

तर सांगते. याच्याआधी लिहिलं ते गडबडीचं, ते खोटं होतं. गडबड नव्हती.

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझे बोरे काट्यावर चढले. माळ्यावरचे तुझे पेपर धरून. काटेवाला म्हणे, ‘छियान्नव.’ मी म्हटलं नीट पाह. त्यानं पुन्हा पाहिलं, ‘छियान्नवच आहे काकू. चार किलो कमी.’ अन् हसला, ‘नात्यातलं एखादं लेकरू बसवा बोऱ्यात.’ बारा वाजता काटा बंद होणार होता. महिनाभर फिरली मी, बाई. चार किलोसाठी भाऊजीचं नाव जात होतं अन् तिथं क्लबले वर्गणी देणाऱ्या कोण्या साबण कंपनीच्या एजन्सीवाल्याचं लागणार होतं.

दोन्ही गल्ल्या पुन्हा फिरली. लोकं म्हणे, कालच तर दिली. साडेअकरा झाले. चाबी कंबरेले होती. तुझ्या घरात आली. माळा रिकामा. खाटेखाली संदूक. वरचे जयंतीचे जुने अंक काढले, हलके होते. खाली पांढरं फडकं. मी गाठ सोडली. मले माहीत होतं त्यात काय आहे. सगळ्यात वरची वही उघडलीसुद्धा. भाऊजीचं उभं उभं अक्षर. मी खाटेवर बसली. बसून दोन ओळी वाचल्या. मंग वही बंद केली अन् हातात तोलली. पोळ्या करणाऱ्या बाईले वजन समजते. चौदा वह्या, चार किलोच्या वरच होतीन.

माझ्या मनात काय होतं ते ऐक. फक्त काट्यापुरत्या. काट्यावर चढवाच्या, क्विंटल भरलं का उतरवाच्या, अन् तू यायच्या आत फडक्यात बांधून ठेवाच्या. तुले समजणारही नव्हतं. त्याच्याच वह्यायनं त्याचं नाव लागलं, असं झालं असतं. मी बोऱ्याच्या तोंडाले पिवळी चिंधी बांधली, ओळखू यावा म्हणून. अन् दुसरंही होतं मनात, ते लपवत नाही आता. संदूक झाकताना म्हटलं, ठेव वं आता बंद करून. चौथी शिकलेलीनं उघडली.

काटेवाला म्हणे, ‘एकशे एक. जमलं काकू.’ बोरा भिंतीले लावला. मी त्याच्याजवळच उभी होती. तेवढ्यात जाकीटवाल्या बाया मले ओढाले आल्या, चाल, सत्कार आहे. मी म्हटलं दोन मिनिटं. त्या म्हणे सर नाव घेऊन राहिले. स्टेज मैदानाच्या त्या टोकाले. मी पायरीजवळ गेली अन् मागं पाहिलं तर ट्रक रिव्हर्स घेत होता. पोट्टे बोरे फेकत होते वर. पिवळी चिंधी मले दिसली. हातात होता तो बोरा एकाच्या. मी ओरडली असती तर त्यानं खाली ठेवला असता. मी दहा पावलं पळाली असती तरी झालं असतं.

तेवढ्यात माईकवरून सर म्हणाले, ‘आता येत आहेत आपल्या माया मॅडम.’

मॅडम, बाई. एकोणपन्नास वर्षं झाले मले. मायी, ओ मावशी, ए पोळीवाली, एवढेच नाव माहीत होते मले. मी वरची पायरी चढली. मनात म्हटलं, गुच्छ घेते अन् उतरते, ट्रक काय पळून राहिला. गुच्छ घेतला. फोटो काढला. दुसरा फोटो काढला. सर माझ्याबद्दल बोलले, लोकायनं टाळ्या वाजवल्या. उतरली तेव्हा मैदानात फक्त टायराचे निशाण होते.

अन् त्याच्यानंतरही मी गेली नाही लगेच. पुलाव होता. मी जेवली. म्हटलं, रविवारी गोदाम बंदच असन, सकाळी जाते. सकाळी पाच वाजता गाडी निघाली हे तुले आधीच सांगितलं. जेवली हे नव्हतं सांगितलं.

आता झालं. याच्याउपर काही नाही माझ्याजवळ लपवाले. एक आहे.

आवाज बसला म्हटलं होतं ना, तो नुसता बसला नाही. गळ्यात गाठ आहे. दोन महिन्यांपासून हाताले लागत होती, मी पदर घेत होती वरून. आमच्या ह्यायले आत्ता सांगितलं, तेही डॉक्टरनं घरच्या माणसाची सही मागितली म्हणून. सरकारी दवाखान्यात मिनल नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत, पोरीएवढ्या. त्याइनं चित्र काढून दाखवलं. आवाजाची नस गाठीले चिकटून आहे. म्हणे, ‘मावशी, गाठ काढावीच लागन. आवाज राहिला तर राहिला.’ मी विचारलं, नाही राहिला तर? त्या म्हणे, बोलाल, पण फुसफुस. गाणं म्हणता का तुम्ही? मी नाही म्हटलं. काय सांगत बसाचं. मंगळवारी भरती, सतरा तारखेले गुरुवारी कापणार.

म्हणजे चाली आहे त्या माझ्या गळ्यात, अन् त्या गुरुवारपर्यंतच्या. अंकुशले ठेका येते, चाल येत नाही, तो गाले लागला का कुत्रे रडतात, तुले माहीत आहे. मोबाईलमध्ये भरून ठेवले मी नऊ गाणे, फाटक्या आवाजात. लंगडे लंगडेच. भोंगा तेवढं पुरं होऊ शकते. सोमवारी जयंतीले विहारापुढं पार्टी उभी राहणार आहे, तीन वर्षांनंतर. मी पुढं म्हणणार आहे. ते शेवटचं.

तिसरं कडवं तुझ्याजवळ आहे. वही गेली तरी तुझ्याजवळ आहे, मले पक्कं माहीत आहे. भाऊजी खाटेवर पडून तुलेच म्हणून दाखवत होते, अन् मी चहा घेऊन आत आली का तू म्हणाची, चुप करा, माया आली. मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं एकदा. ओळी नाही समजल्या, पण त्यात तुझं नाव होतं. भीमाबाई म्हणून सरळ. उभं करणाऱ्यायमध्ये त्याइनं तुले बसवलं होतं. तू लाजेनं ते कोणाले म्हणू दिलं नाही. म्हणूनच वह्या बांधून ठेवल्या ना? मी आत्ता समजली, आधी समजली असती तर एवढी जळली नसती.

मले दवाखान्यात भेटाले येऊ नको. संत्री आणू नको. चोर म्हणाचं तर म्हण, पायरीवरही म्हण, आता मीच तुझ्या बाजूले उभी राहून हो म्हणन. पेटीवर जिथं नाव होतं तिथं पांढरा डाग आहे, तो तसाच राहू दे. माफी तर पाठवूच नको, मले ती ठेवाले जागा नाही.

कडवं पाठव. चार ओळी. अंकुशजवळ लिहून दे, नाही तर फोन उचल अन् फक्त म्हण, बाकी एक शब्द बोलू नको. पुन्हा कापला तरी चालन. तुले गाऊन म्हणता येत नसन तर बोलून सांग, चाल मी लावते.

रविवार, तेरा तारीख, संध्याकाळी सहापर्यंत. अंकुश ढोलकी घेऊन माझ्या घरी बसून राहीन. सहानंतरही तू पाठवू शकते, पण मंग चाल बसवाले वेळ नाही, मी ऐकाले राहीन, म्हणाले नाही.

जयभीम.

माया